अपघातातल्या अपंगत्वाचा क्लेम आणि म्हापशाच्या वकील मॅडम: आमचा अनुभव

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कशाला कापला ते खाली सांगते. मॅडमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. रिव्ह्यू लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं होतं तर म्हणाल्या लिही, पण नाव नको, वकिलानं स्वतःची जाहिरात करायची नाही असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे आणि कुणाला तसा संशयसुद्धा यायला नको. त्यामुळे नावापेक्षा त्यांनी काम कसं केलं तेच सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्ही गोव्यात कुठेही, पेडण्यात असा, डिचोलीत असा नाहीतर काणकोणात, तुमच्या जवळचा वकील तपासून घेताना उपयोग होईल.

माझा धाकटा भाऊ एसी आणि फ्रिज रिपेअरिंग करतो, म्हणजे करायचा. स्वतःचा धंदा, एक स्कूटर आणि पाठीला टूल्सची बॅग. धारगळकडे हायवेवर कारनं ठोकलं, उजव्या पायाचा घोटा आणि टाच यांचा पार चुरा झाला. आधी म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलात नेला, तिथून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तिथल्या डॉक्टरांनी पाय वाचवला हे आम्ही कधी विसरणार नाही. पण घोटा फ्यूज करावा लागला, आता तो वळत नाही आणि गुडघाही पूर्ण दुमडत नाही. तेव्हा वय 33, लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, घरात कमावणारा तोच मोठा, मी पणजीला नोकरी करते त्यावर किती दिवस निघणार.

तो अजून खाटेवर होता तेव्हाच एक माणूस घरी आला. ओळख ना देख, पण अपघात कुठे झाला, गाडी कुठली, सगळं त्याला माहीत. म्हणाला मी केस करून देतो, आत्ता एक पैसा नको, जे मिळेल त्यातले पंचवीस टक्के माझे, फक्त हॉस्पिटलचे ओरिजिनल पेपर्स द्या आणि या दोन कागदांवर सही करा. एक वकालतनामा होता, म्हणजे वकिलाला आपली केस चालवायचा अधिकार देणारा कागद, त्यावर वकिलाचं नाव लिहायची जागा कोरी. आई तर सही करायला तयार झाली होती कारण आत्ता पैसे नकोत म्हटल्यावर कुणालाही बरंच वाटतं. अशी माणसं तुमच्याही दारात येतील. वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या पैशात वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनीच बंदी आहे, म्हणजे टक्केवारी मागणारा एकतर वकील नसतो नाहीतर नियम मोडणारा वकील असतो, आणि दोघांच्याही हातात आपले ओरिजिनल पेपर्स देण्यात अर्थ नाही. सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारायचा सरळ. आपल्याकडचे वकील महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या यादीत असतात, खरा वकील नंबर सांगायला लाजत नाही.

मॅडमकडे आम्ही माझ्या ऑफिसातल्या एकीच्या सांगण्यावरून गेलो. पहिल्याच भेटीत मला आवडलं ते म्हणजे त्यांनी कामाचे दोन ढीग केले. एक ढीग, ज्याला वकील लागत नाही. दुसरा, ज्याला लागतो. पहिल्या ढिगाचे पैसे मी घेणार नाही, ते तुमचं तुम्ही करायचं, अडलं तर फोन करा, असं स्वच्छ सांगितलं. मी तर कागदपत्रांची सगळी पिशवी त्यांच्या टेबलावर ओतून मोकळी होणार होते, किती घ्यायचे ते घ्या पण हे सगळं बघा असं म्हणायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी त्यातले अर्धे कागद परत माझ्या हातात दिले.

पहिल्या ढिगात होतं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर मोबाईलवरूनसुद्धा अर्ज होतो, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद अपलोड करायचे, हॉस्पिटल निवडायचं आणि बोलावलं की तपासणीला जायचं. 2021 च्या जूनपासून अपंगत्वाचं सर्टिफिकेट या पोर्टलवरूनच द्यायचं असा केंद्राचा नियम झालाय, त्यामुळे कुणी सांगितलं की मी आतून करून देतो, तर आतून वगैरे काही नसतं. एकच गोष्ट मॅडमनी बजावून सांगितली, प्लास्टर निघालं की लगेच पळू नका, उपचार पूर्ण होऊन पाय जिथे थांबायचा तिथे थांबू द्या, नाहीतर सर्टिफिकेट टेम्पररी मिळेल आणि पुढे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या ट्रायब्युनलमध्ये समोरचा वकील तेच धरून बसेल. टक्के 40 किंवा त्याच्या वर असले की बहुतेक योजनांचं दार उघडतं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तीच रेघ धरलेली आहे. कार्डाचे रंगही वेगवेगळे असतात, 40 च्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या मधलं पिवळं, 80 आणि वर निळं. भावाला 42 टक्के मिळाले, पर्मनंट, उजव्या पायासंबंधी असं लिहून. पिवळं कार्ड आलं.

तपासणी करणाऱ्या मेडिकल बोर्डानं कमी टक्के दिले किंवा नाकारलं तर त्याच कायद्यात कलम 59 खाली अपील आहे आणि तिथे मात्र चांगला सल्ला उपयोगी पडतो. आम्हाला त्याची गरज लागली नाही म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसरं, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, म्हणजे गोवा सरकारचे दर महिन्याचे पैसे. आपल्या घराघरात त्याला नुसतं दयानंदचे पैसे म्हणतात, म्हाताऱ्यांना मिळतात एवढंच लोकांना माहीत असतं, पण दिव्यांगांनाही आहे. त्याला गोव्यातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, मामलेदार ऑफिसात मी स्वतः जाऊन काढला, वेळ गेला पण वकील कुठे लागला. आणि मी पगारदार आहे आणि भाऊ माझ्यावर अवलंबून आहे म्हटल्यावर मॅडमनीच आठवण करून दिली की जुन्या टॅक्स पद्धतीत दिव्यांग नातेवाइकाला सांभाळणाऱ्याला असते ती 75 हजारांची वजावट मला मिळू शकते. ह्याचा त्यांच्या केसशी काही संबंध नव्हता. घरात एक माणूस बसला की बाकीच्यांचं कसं चाललंय हेही विचारणारा वकील मला दुसरा भेटला नाही.

आता दुसरा ढीग, म्हणजे खरी लढाई, मोटार अपघात ट्रायब्युनलमधला क्लेम. आधी तारखेचं सांगते, 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत क्लेमचा अर्ज करायचा असं कायद्यात आलंय, त्यामुळे माणूस बरा होऊ दे मग बघू हे करत बसू नका, अर्ज आधी घाला, सर्टिफिकेट मागाहून जोडता येतं. मॅडमनी आमचा तसाच घातला.

ह्या केसमध्ये त्यांचं काम कुठे दिसलं ते सांगते. पुराव्याची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी भावाला टूल्सची बॅग घेऊन बोलावलं. मला कळेना बॅग कशाला. ऑफिसात टेबल बाजूला सरकवलं आणि त्याला म्हणाल्या, बाबा, आता तू माझ्याकडे स्प्लिट एसी बसवायला आलायस असं समज आणि एकेक काम करून दाखव. तो खाली बसायला गेला, उकिडवं बसता येईना, पाय बाजूला सरळ टाकून बसावं लागलं. उठताना खुर्चीला धरलं. त्यांनी लिहून घेतलं. शिडी किती फुटांची असते, आउटडोअर युनिटचं वजन किती, ते वर कोण नेतं, भिंतीला ड्रिल मारताना कुठल्या पायावर भार येतो, गॅस भरताना किती वेळ वाकावं लागतं, ड्रिल मशीन हातात घेऊन एका पायावर किती वेळ उभा राहू शकतोस. भाऊ आधी संकोचून बोलत होता, होतं मॅनेज असं म्हणत होता, आपल्याकडच्या पुरुषांना मला जमत नाही म्हणणं फार जड जातं, पण त्यांनी घाई केली नाही. तासाभरात पान भरलं आणि त्या पानावर एकही मेडिकल शब्द नव्हता, सगळं शिडी, स्क्रू, पाइप आणि गच्ची. पुढे उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं की तुम्ही दुकानात बसून रिपेअरिंग करू शकता ना, तेव्हा भावानं न अडखळता सांगितलं की फ्रिज दुकानात येतो पण भिंतीवरचा एसी दुकानात येत नाही, आणि माझी कमाई एसीची होती. हे उत्तर त्यांनी पढवलेलं नव्हतं, त्या पानातून आलेलं होतं.

ह्याचं महत्त्व किती ते टक्क्यांच्या भांडणात कळलं. कारच्या इन्शुरन्स कंपनीचं म्हणणं, सर्टिफिकेटवरचे 42 टक्के हे फक्त पायाचे, अख्ख्या शरीराचे धरायचे तर तिसरा हिस्सा, म्हणजे 14. मॅडमचं म्हणणं, शरीराचे किती हा प्रश्नच अर्धवट आहे, कमाई किती गेली ते बघा. ह्याला आधार आहे सुप्रीम कोर्टाचा 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल. त्यात अगदी सोपं उदाहरण दिलंय, डावा हात गेला तर अपंगत्व 60 टक्क्यांच्या आसपास धरतील, पण माणूस ड्रायव्हर नाहीतर सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी क्लार्क असेल तर नोकरी कदाचित तशीच चालू राहील. म्हणजे आधी बघायचं की आता हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही, मग त्याचा धंदा काय, वय काय, आणि मग ठरवायचं.

पैशात किती फरक पडतो ते बघा. समजा माणसाची कमाई महिन्याला 15 हजार धरली. वर्षाचे 1 लाख 80 हजार. चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा असलेला म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालापासून ठरलेलं आहे, झाले 2 लाख 52 हजार. 31 ते 35 वयाला 16 नं गुणायचं, हा आकडा 2009 च्या सरला वर्मा निकालातून येतो, झाले 40 लाख 32 हजार. आता याचे 14 टक्के काढा, साडेपाच लाखांच्या थोडं वर. आणि 60 टक्के काढा, 24 लाखांच्या वर. हॉस्पिटलचा खर्च, वेदनांचे पैसे वगैरे वेगळं. म्हणजे एकच माणूस, एकच पाय, एकच सर्टिफिकेट, आणि वकिलानं धंद्याचा पुरावा नीट मांडला का नाही यावर सगळं. मला वाटतं दहातल्या आठ घरांना हे माहीतच नसतं, सर्टिफिकेटवरचा आकडा म्हणजेच नशिबाचा आकडा असं समजून लोक आलेल्या तडजोडीला हो म्हणतात, आणि मला ह्याचा मनापासून राग येतो, कारण ह्यात ज्यांचं जातं ते सगळे हातावर पोट असलेलेच असतात, मेस्त्री, गवंडी, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, काजू पाडणारे.

कमाईचा पुरावा हा दुसरा डोंगर. भावाकडे ना पगाराची स्लिप ना रिटर्न. मॅडमनी यूपीआयचं स्टेटमेंट काढायला लावलं, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, स्पेअर पार्टच्या दुकानाची बिलं, सगळं महिन्यावार लावून घेतलं. दोन जुन्या गिऱ्हाइकांना साक्षीला बोलवलं, त्यातल्या एक म्हापशाच्या आजी होत्या, त्यांनी ट्रायब्युनलला सांगितलं की हा मुलगा दर उन्हाळ्याच्या आधी आमच्याकडे सर्विसिंगला यायचा आणि आता येत नाही. इतकंच. पण कमाई होती हे ठरायला तेवढं लागतंच. मेस्त्रीकाम करणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, पैसे रोख घेतले तरी वहीत लिहा आणि वही जपून ठेवा.

डॉक्टरांची साक्ष घ्यायलाच हवी हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. नुसतं सर्टिफिकेट जोडलं की झालं असं नसतं, समोरच्यानं आक्षेप घेतला की डॉक्टरला तपासावं लागतं, आणि उपचार केलेला डॉक्टर आला तर वजन जास्त. सरकारी डॉक्टरला ओपीडी सोडून येणं कठीण, तारखा जातात. मॅडमनी समन्स वेळेत काढून घेतलं, डॉक्टरांना आधी जाऊन भेटल्या आणि त्यांना फक्त पायाचं विचारलं, बाकी धंद्याचं भावाच्या आणि गिऱ्हाइकांच्या तोंडून आणलं. प्रत्येकानं आपल्याला माहीत आहे तेवढंच बोलायचं. ट्रायब्युनलनं शेवटी कमाईचं नुकसान 60 टक्के धरलं.

फीबद्दल. सुरुवातीला 10 हजार, मग साक्षी सुरू झाल्यावर एक हप्ता, शेवटच्या युक्तिवादाआधी एक, सगळं आधी कागदावर लिहून दिलेलं. टक्केवारी अजिबात नाही. आणि फी सांगायच्या आधी त्यांनी हे सांगितलं की विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला वकील फुकट मिळू शकतो, 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता तो हक्क आहे, 15100 वर फोन करा नाहीतर तालुक्याच्या कोर्टात जाऊन विचारा. स्वतःचं गिऱ्हाइक जाऊ शकतं हे माहीत असून सांगितलं. आम्ही त्यांच्याकडेच राहिलो कारण अपघाताच्या केसेसचा त्यांना अनुभव होता. पण ज्यांना पैसे भरणं शक्यच नाही त्यांनी टक्केवारीवाल्याकडे जायच्या आधी हे दार ठोठवावं, तो उपकार नाही, हक्क आहे. तसंच कुठल्या ऑफिसात, शाळेत, बँकेत दिव्यांग म्हणून अन्याय झाला असेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यालाही वकील लागत नाही. गोव्यात आता दिव्यांगांसाठी वेगळं खातं आहे, 2023 पासून पर्पल फेस्ट होतो, भावाला मी घेऊन गेले होते आणि तिथून तो बऱ्याच दिवसांनी हसत परत आला, पण आयुक्तांकडे तक्रार कशी करायची हे गावागावात कुणी सांगत नाही आणि ते सांगायला हवं.

आता अर्धा मार्क कुठे गेला. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. अपंगत्वाच्या केसेस घेणाऱ्या वकिलाचं ऑफिस असं असू नये, मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्या खाली येऊन गाडीत सही घेतात, दोन-तीनदा भावाशी बोलणंही गाडीतच झालं, पण शुक्रवारी म्हापशात बाजाराच्या गर्दीत गाडी लावून बसणं म्हणजे शिक्षा आहे, शुक्रवारची अपॉइंटमेंट घेऊच नका. दुसरं, दिवसा फोन उचलत नाहीत, कोर्टात असतात हे मान्य, पण मेसेजचं उत्तरही रात्री उशिरा येतं आणि तोपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला. तिसरं, साध्या तारखांना ज्युनियर येतो आणि ज्युनियर मध्येच बदलला, नव्या मुलाला फाइल माहीत नव्हती, ती तारीख फुकट गेली. पावती मागितली की देतात, न मागता द्यायला हवी. बोलणं थोडं कडक आहे, आई घाबरायची, मला चाललं.

कुणी जावं? ज्याच्या कामाला शरीर लागतं आणि सर्टिफिकेटवरचे टक्के कमी दिसतायत, त्यानं असा वकील शोधावाच. पहिल्या भेटीत वकिलानं तुम्हाला तुमचा धंदा काय, दिवसभर नक्की काय करायचात हे विचारलं का ते बघा. नुसतं किती टक्के आलेत आणि गाडीचा इन्शुरन्स होता का एवढंच विचारून फाइल उघडली तर मी तरी तिथे थांबणार नाही. वकालतनामा कोरा सही करू नका, ओरिजिनल कागद देताना यादी करून त्यावर त्यांची सही घ्या, आणि निकालाचे पैसे क्लेम करणाऱ्याच्याच बँक खात्यात येतील हे आधीच बोलून घ्या. आमच्याकडे मॅडमनी भावाच्या पासबुकाची कॉपी स्वतःहून मागून ट्रायब्युनलला दिली. ज्यांना फक्त यूडीआयडी नाहीतर दयानंदचे पैसे पाहिजेत त्यांनी कुठल्याच वकिलाला पैसे देऊ नयेत, ह्या मॅडमना पण नाही, त्या घेणारही नाहीत.

सध्या इन्शुरन्स कंपनी पर्वरीला हायकोर्टात अपिलात गेलीय, स्टेसाठी, म्हणजे निकालाला स्थगिती मिळायला, त्यांना रक्कम कोर्टात भरावी लागली आणि त्यातले काही पैसे भावाला काढता आले, त्यातून त्यानं फ्रिज रिपेअरिंगसाठी उंच टेबल आणि बसायला स्टूल करून घेतलंय. हायकोर्टाचं काम मॅडम करत नाहीत, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फाइलच्या सगळ्या पानांना नंबर घालून, साक्षींची यादी वर लावून, त्यांनी ती आमच्या हातात दिली आणि पर्वरीच्या वकिलाला अर्धा तास फोनवर समजावून सांगितलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.